हरलेल्या झुंजीचा हिरवा टॅग

नोकरीत माझ्या हातून एकच मोठी चूक झाली आणि तिचा मला आजतागायत पश्चात्ताप झालेला नाही. व्हॉल्व्हच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर असलेल्या बाईने असं लिहू नये, हे मलाही कळतं. पण खोटं कशाला लिहू?

आमचा कारखाना शारजातल्या हमरिया फ्री झोनमध्ये आहे आणि तिथले फॅक्टरी मॅनेजर जपानी. साठीच्या जवळ आलेले, अंगाने किडकिडीत, आवाज कधीच न चढवणारे. कुणाची चूक दाखवायची झाली, तर त्या भागावर नुसतं बोट ठेवून उभे राहायचे. चार शिव्या परवडल्या, असं वाटायचं. त्यांचं इंग्रजी मोजूनमापून, माझं कोल्हापुरी वळणाचं. बाकीच्यांना आमचं संभाषण ऐकून हसू यायचं, पण आम्हाला एकमेकांचं सगळं कळायचं. इथे त्यांचं बोलणं मी मराठीतच लिहिते आहे.

वर्षातले काही दिवस साहेब सकाळी केबिन सोडून यार्डात फेऱ्या मारत. जुलैच्या उन्हात, हेल्मेट घालून, हात मागे बांधून. स्टोअर सांभाळणारे चाचा रत्नागिरीचे, तीस वर्षं आखातात काढलेले. त्यांचं निदान ठरलेलं होतं. "मॅडम, साहेबाची शुगर वाढली. माझ्या मेव्हण्याचा असाच झाला होता."

एकदा मी ड्रॉइंगवर सही घ्यायला गेले, तेव्हा साहेबांच्या टेबलावर फोन उघडा पडला होता. फोनवर एका अगडबंब तरुणाचा फोटो. डोक्यावर बांधलेली शेंडी, कमरेला काळा जाड लंगोट, उजव्या गुडघ्याला पट्टी. माझं तोंड मला कधी आवरलेलं नाही. मी म्हटलं, "माझे वडील पैलवान होते." साहेबांच्या भुवया वर गेलेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि सही राहिली बाजूला.

फोटोतला तो त्यांचा एकुलता एक मुलगा. घरात तीन पिढ्या इंजिनिअर. ह्याने पंधराव्या वर्षी, नववी झाल्याबरोबर, मी सुमो पैलवान होणार म्हणून जाहीर केलं. साहेबांनी आदळआपट केली नाही. फक्त म्हणाले, "पगारी पैलवान होशील तेव्हा तुझी झुंज बघेन. त्याआधी नाही." पोरगा वाकून नमस्कार करून निघाला तो थेट तालमीत. साहेबांनी त्यानंतर त्याची एकही झुंज बघितली नव्हती आणि बापलेकांत एका अक्षराचाही निरोप गेला नव्हता. ह्याला अकरा वर्षं झाली होती.

सुमोत सहा पायऱ्या असतात. खालच्या चार पायऱ्यांवरच्या पैलवानाला पगार नाही. तालमीत राहायचं, पहाटे उठून रिंगण झाडायचं, वरच्यांच्या पाठी घासून द्यायच्या, हंडेच्या हंडे जेवण रांधायचं आणि सगळ्यांचं झालं की उरलेलं खायचं. कडाक्याच्या थंडीतही अंगात पातळ सुती झगा आणि पायात खडावा. पाचव्या पायरीवर पाऊल पडलं की मात्र एका दिवसात नशीब पालटतं. पगार सुरू, स्वतःची खोली, रेशमी लंगोट, हाताखाली नवशिकी पोरं. बहुतेकांना ती पायरी लांबूनही दिसत नाही. साहेबांचा मुलगा पाच वर्षांत चौथ्या पायरीवर पोचला आणि त्याच्या गुडघ्याची शीर तुटली. वर्षभर झुंजी नाहीत, म्हणून घसरत पार तळाला गेला. तिथून पुन्हा एकेक पायरी चढून चौथीवर आला आणि मधेच अडकून बसला. आता सव्वीस वर्षांचा होता.

साहेबांना झुंज बघायची नव्हती आणि निकाल कळल्याशिवाय राहवतही नव्हतं. त्यांच्या पत्नी जपानात. संध्याकाळी त्या फोनवर निकाल सांगत, पण तोवर ह्यांचा जीव टांगणीला. फोनवर स्वतः निकाल का नाही वाचत, असं मी विचारलं. म्हणाले, "ते चोरून बघणंच झालं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही पैलवानाची मुलगी. उद्या तुम्ही बघाल का? मला फक्त जिंकला की हरला, एवढंच कळवा. बोलूनही नको." कारखान्यात पास झालेल्या मालाला हिरवा टॅग आणि नापासाला लाल. त्यातलाच एक केबिनच्या दाराला लावायचा, असं आमचं ठरलं.

मला कोण अभिमान वाटला! कोल्हापुरात तालमीत बाईमाणसाला पाऊल टाकू देत नसत, म्हणून मी लहानपणी खिडकीचे गज धरून कुस्ती शिकले, म्हणजे डोळ्यांनी शिकले. सुमोच्या रिंगणातही बाईला पाय ठेवू देत नाहीत, असं साहेबांनी सांगितलं. ह्या बाबतीत जपान आणि कोल्हापूर सख्खे भाऊ निघाले. मी मनात म्हटलं, मला नियम कोण शिकवणार? कुस्ती ती कुस्ती.

दुसऱ्या दिवशी स्पर्धेतली त्याची शेवटची झुंज होती. वर्षात सहा स्पर्धा, एकेकीत त्याच्या सात झुंजी. चार जिंकला की वर, चार हरला की खाली. तीन जिंकून आणि तीन हरून तो सातवीला उभा होता. जपानात दुपार, आमच्याकडे सकाळचे साडेआठ. साहेब यार्डात गेले आणि मी इन्स्पेक्शन टेबलावर फोन उभा केला.

गुडघ्याच्या पट्टीवरून मी त्याला ओळखला. दोघे एकमेकांवर आदळले तो आवाज फोनमधूनही पोटात गेला. आपल्या पोराने समोरच्याला रेटत पार रिंगणाच्या कड्यापर्यंत नेलं. कड्यावर त्या दुसऱ्याने अंग पिळलं आणि दोघेही एकदमच कोसळले. आपला पोरगा पोटावर, हात टेकून. दुसरा रिंगणाबाहेर उताणा, पाठ सपाट जमिनीवर, पाय वर. "चीत!" मी एवढ्या जोरात ओरडले की लेथवरचा माणूस मशीन बंद करून बघायला आला. पडताना पोराने हात टेकवलेला मी बघितला होता. टेकवणारच ना, तोंड फुटू नये म्हणून. ज्याची पाठ लागली तो हरला, हे कोल्हापुरात शेंबडं पोरही सांगेल. पुढचं काही बघायची गरजच काय, म्हणून मी फोन बंद केला आणि जाऊन दाराला हिरवा टॅग अडकवला.

साहेब यार्डातून आले. टॅग बघून दारातच उभे राहिले, मग आत जाऊन दार लावून घेतलं. काचेतून मला दिसलं, ते एका बोटाने फोनवर काहीतरी लिहीत होते आणि पुसून पुन्हा लिहीत होते.

संध्याकाळी शारजाच्या घरी पोचल्यावर मी दहावीतल्या मुलीला मोठ्या तोऱ्यात ती झुंज दाखवली. तिने दोनदा बघितली, फोनवर काहीतरी वाचलं आणि म्हणाली, "आई, ही लॉस्ट. हरला तो."

"काय बोलतेस? पाठ कुणाची लागली ते बघ की!"

"आई, इट्स नॉट कुस्ती. हिज हँड टच्ड फर्स्ट. तळपाय सोडून काहीही आधी टच झालं की खलास."

मी तिसऱ्यांदा बघितली. आता फोन बंद केला नव्हता, म्हणून पुढचंही दिसलं. उताणा पडलेला तो उठून, माती झटकून विजेता म्हणून बसला होता आणि आपला पोरगा मान खाली घालून निघाला होता. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मी एका बापाला त्याच्या पोराचा खोटा विजय सांगितला होता.

सकाळी बसमधून उतरले ती लाल टॅग हातात घेऊनच केबिनमध्ये गेले. माफीची चार वाक्यं पाठ केली होती, पहिलं सुरू करतेय तोच साहेब म्हणाले, "मला माहीत आहे. पत्नीने सांगितलं. बसा." त्यांनी माझ्यासमोर फोन ठेवला. काल त्यांनी मुलाला दोन शब्द पाठवले होते. 'छान लढलास.' अकरा वर्षांतला पहिला निरोप. खाली मुलाचं उत्तर आलेलं होतं, ते त्यांनी बोट ठेवत ठेवत मला सांगितलं.

'बाबा, तुम्ही पाहिलंत. आज संध्याकाळी मी वस्तादांना सांगणार होतो की मी सोडतो. आता आणखी एक वर्ष देतो. वर्षभरात पाचवी पायरी नाही गाठली, तर शेंडी कापून घरी येईन.'

त्या पोराला वाटलं होतं की आपण हरलो ते बापाने पाहिलं आणि तरी शाबासकी दिली. मी लाल टॅग लावला असता, तर साहेबांनी काहीच लिहिलं नसतं आणि अकरा वर्षांची मेहनत त्याच संध्याकाळी मातीत गेली असती. मला एकदम रडू आलं आणि रडताना हसूही आलं.

"आता मी खोटारडा ठरलो," साहेब म्हणाले. "मी बघितलंच नव्हतं."

"मग आता बघायला लागा."

"शब्द दिलेला आहे."

असा राग आला मला! पण एवढ्या मोठ्या माणसाला काय बोलणार. तेच पुढे म्हणाले, "तुम्ही बघा. पण आता टॅग नको. कसा लढला ते सगळं सांगा. मला त्याला लिहायचं आहे."

मला निबंध लिहिता येत नाहीत. मला रिपोर्ट लिहिता येतात. म्हणून मालातला दोष नोंदवायचा आमचा जो फॉर्म असतो, त्यावरच मी झुंजी लिहायला लागले. दोष काय आढळला: उजवा गुडघा वाचवतो, आणि ते समोरच्याला आधीच कळतं. कारण काय: जुन्या दुखण्याची भीती. उपाय काय: सुरुवातीलाच डावा हात समोरच्याच्या काखेतून आत घालावा, म्हणजे भार डाव्या पायावर येतो. नियम मुलीने शिकवले, नजर वडिलांची होती. साहेब तो फॉर्म गंभीरपणे वाचत, शंका विचारत आणि मग मुलाला चार ओळी लिहीत. तिकडचा वस्ताद हेच पाच वर्षं ओरडून सांगत असणार, मी काही फार मोठा शोध लावला नव्हता. पण बापाच्या तोंडून आलेली गोष्ट पोराला वेगळी लागते.

पोरगा चढायला लागला. सप्टेंबरात चार जिंकला, नोव्हेंबरात पाच. पायरी जितकी वरची तितकी झुंज उशिराची, त्यामुळे त्याची बढती आम्हाला घड्याळातच कळायची. साडेआठची झुंज पावणेनऊवर आली, मग नऊच्या चहाला. मार्चमध्ये तो तीनच जिंकला आणि खाली सरकला. तेव्हा साहेब आठवडाभर कुणाच्याही चुकीवर बोट ठेवायला विसरले. मे महिन्यात सहा जिंकून थेट चौथ्या पायरीच्या टोकाला जाऊन बसला. आता एकच स्पर्धा हातात होती, जुलैची.

त्या स्पर्धेच्या सुरुवातीला चाचांनी खुशीने घरून मटणाचा डबा आणला. साहेबांनी तो हात जोडून परत केला. सुमोच्या तालमीत स्पर्धेच्या दिवसांत चार पायांच्या जनावराचं खाणं टाळतात, असं त्यांनी सांगितलं, कारण हातपाय चारी टेकले म्हणजे हार. कोंबडी दोन पायांवर उभी राहते, ती चालते. चाचा चाट पडले. "या अल्ला! म्हणजे मीच पाडला असता पोराला!" त्यांनी पुढचे पंधरा दिवस घरात मटण शिजू दिलं नाही. चाचींनी फोन करून मला जाब विचारला.

सहा झुंजी झाल्या, तीन जिंकल्या, तीन हरल्या. सातवी रविवारी, स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी. ती पाचव्या पायरीवरच्या एका पैलवानाशी लावली होती, जो हरत हरत तिथल्या तळाला आला होता. जिंकेल तो पाचवीवर, हरेल तो चौथीवर, इतका सरळ हिशोब. भारताची आमची तिकिटं मी पुढे ढकलली. घरात सगळे चिडले. चिडू देत.

रविवारी सुट्टी असल्यामुळे साहेबांनी आम्हाला दुबई मरीनातल्या त्यांच्या घरी बोलावलं होतं. मी, मुलगी आणि चाचा. मुलीने फोन टीव्हीला जोडला. साडेनऊ होत आले, तसे साहेब उठले, बाल्कनीचं सरकतं दार उघडून बाहेर गेले आणि आमच्याकडे पाठ करून कठडा धरून उभे राहिले. बाहेर त्रेचाळीस डिग्री. शर्ट दोन मिनिटांत पाठीला चिकटला.

वर्षभर गिळलेला राग तिथे उसळला. मी दार उघडून बाहेर गेले. "साहेब, आजचा रिपोर्ट मी देणार नाही."

त्यांना वाटलं, भाषेत काही चुकतंय. "देणार नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. त्याला बघायचं नाही हा तुमचा एक शब्द. त्याला बघत असतो हा तुमचा दुसरा शब्द, वर्षभर लिहून दिलेला. पोरगा त्या दुसऱ्या शब्दाच्या जिवावर उभा आहे तिथे. कुठला पाळायचा ते तुम्ही ठरवा. मी तुमची इन्स्पेक्टर आहे, तुमचे डोळे नाही."

नोकरी गेली, असं मला स्पष्ट वाटलं. आतून चाचा ओरडले, "यल्ला, यल्ला! चला लवकर, आला पोरगा!" साहेबांनी कठडा सोडला, आत आले आणि सोफ्यावर न बसता टीव्हीसमोर जमिनीवर गुडघे मुडपून बसले.

वरच्या पायरीवरच्यांशी झुंज म्हणून त्या दिवशी त्याच्या केसांची बांधणी वेगळी होती, शेंडीचं टोक पानासारखं पसरलेलं. मीठ उधळायचा मानही वरच्यांचाच, तो त्या दिवशी त्याला मिळाला. त्याने मूठभर मीठ घेतलं आणि रिंगणावर असं उंच भिरकावलं की साहेबांच्या तोंडून हुंकार निघाला. पंधराव्या वर्षी घर सोडून गेलेलं पोर ते पहिल्यांदा असं उभं बघत होते. "केवढा झाला," ते म्हणाले.

दोघे आदळले. समोरचा वजनाने भारी होता. त्याने आपल्या पोराला एक, दोन, तीन पावलं मागे रेटलं. डावा हात आत जाईना. टाच कड्याला लागली, पट्टी बांधलेला गुडघा वाकला आणि मी डोळे मिटणार होते. साहेबांनी मिटले नाहीत. गुडघा वाकला, पण मोडला नाही. पोराने त्याच गुडघ्यावर भार घेतला, वर्षभर ज्याला जपत होता त्याच्यावर, आणि डावा हात आत शिरला. मग छातीला छाती लावून तो चालायला लागला. घाई नाही, झटका नाही, एकेक पाऊल घासत. रिंगण ओलांडून पलीकडच्या कड्यापर्यंत. समोरच्याचा पाय कड्याबाहेर पडला. कुणी पडलं नाही, कुणाची पाठ लागली नाही. जिंकला!

चाचांनी मला मिठी मारता मारता स्वतःला आवरलं आणि माझ्या मुलीला उचललं. मी काय ओरडत होते ते मला माहीत नाही, पण शेजारच्यांनी भिंत ठोकली. साहेब मात्र जमिनीवर कपाळ टेकवून होते, टीव्हीकडे तोंड करून. खांदे हलत होते. मग उठून बसले आणि मोठमोठ्याने हसायला लागले, डोळ्यांतून पाणी गळतच होतं. अधिकृत घोषणा बुधवारी व्हायची होती आणि बुधवारी ती झालीही, पण आमच्यासाठी सगळं तिथेच झालं होतं. एवढा निखळ आनंद मला माझ्या स्वतःच्या बढतीनेही दिलेला नाही.

तासाभराने मुलाचा व्हिडिओ कॉल आला. न्हाऊनधुऊन, सुती झग्यात बसलेला, लाल झालेला चेहरा. बापलेक बोलत होते आणि साहेब मधेमधे आम्हाला सांगत होते.

"पाहिलंत?" मुलाने विचारलं.

साहेब म्हणाले, "हो. आज पहिल्यांदा."

मला वाटलं, आता काहीतरी फुटणार. मुलगा हसला. म्हणाला, "पहिल्या महिन्यातच कळलं होतं, बाबा. तुम्हाला लंगोट कुठे धरतात तेही माहीत नाही. माझा गुडघा ज्याला दिसला तो माणूस पैलवान आहे. कोण आहे तो?"

साहेबांनी फोन माझ्या हातात दिला. टीव्हीवर बघितला होता त्याच्यापेक्षा तो लहान दिसत होता. त्याला कुणी पुरुष अपेक्षित असणार, चष्मा लावलेली, ओढणी सावरणारी बाई नव्हे. तो गोंधळला. मीही. मला जपानी येत नाही, त्याला इंग्रजी येत नाही. अभिनंदन करावं, हे मला सुचायला हवं होतं, पण तोंडातून गेलं ते मराठीतच गेलं, आणि मग मी ते साहेबांसाठी इंग्रजीत सांगितलं: "डावा हात आजही उशिरा आला."

साहेब हबकले. एवढ्या दिवशी हे सांगायचं? मी म्हटलं, सांगा. त्यांनी सांगितलं.

मुलगा ताडकन ताठ बसला. "हाय!" म्हणाला, खणखणीत आवाजात. जपानीत 'हो' म्हणतात ते, पण असं मोठ्याने फक्त वस्तादालाच म्हणतात, असं साहेब नंतर मला म्हणाले. मग तो माझ्यापुढे वाकला. स्क्रीनवर नुसती त्याची शेंडी दिसत राहिली आणि तो बराच वेळ वर आला नाही.